ट्रिस्टन दा कुन्हाची क्रूझ: एवढं लांब जाऊन बेटावर उतरायलाच मिळालं नाही तर?

अमळनेरचा_तिकीटवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी अमळनेरचा, बँकेतून रिटायर झालो, शाळेपासून पोस्टाची तिकिटं जमवतो. माझ्या अल्बममधी ट्रिस्टन दा कुन्हाचं एक वेगळं पान आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दक्षिण अटलांटिकमधली ही ज्वालामुखीची बेटं, ब्रिटिशांच्या ताब्यात, केपटाऊनपासून साधारण २८०० किलोमीटर, विमानतळ नाही, वस्ती एकाच बेटावर आणि ती पण अडीचशेच्या आत. गावाचं नाव 'एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज'. तिथल्या लोकांनी १९४६ साली स्वतःची तिकिटं मागितली तेव्हा नमुन्याच्या एका पेनीच्या तिकिटावर किंमत म्हणून चार बटाटे छापले होते, कारण बेटावर तेव्हा पैशापेक्षा बटाटाच चालायचा. ते काही मंजूर झालं नाही, खरी तिकिटं १९५२ ला आली, ती पण सेंट हेलेनाच्या (ब्रिटिशांचंच उत्तरेकडचं दुसरं बेट) तिकिटांवर नाव छापून. माझ्याकडं त्यातली दोन आहेत, बस तेव्हापासून डोक्यात बसलंय की आयुष्यात एकदा त्या पोस्टाच्या खिडकीसमोर उभं राहायचं.

आता मुलगी-जावई म्हणताय की जा, आम्ही निम्मे पैसे घालतो. एक जहाज आहे, अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघतं, साउथ जॉर्जिया बेट, मग गॉफ बेट, मग ट्रिस्टन, आणि सेंट हेलेनाला सोडतं, तिथून विमानानं जोहान्सबर्ग. तीन आठवड्यांच्या वरचं काम आहे. माणशी दहा लाखाच्या पुढं जातंय आणि ही स्वस्तातली केबिन. माहितीपत्रकात सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की बेटावर उतरणं हवामानावर अवलंबून. बुकिंगवाला मुलगा म्हणतो, काका नाइंटी परसेंट होऊनच जातं. मला बँकेत असताना पण नाइंटी परसेंटवाले लोक फार भेटले, म्हणून इथं विचारतोय.

दुसरं म्हणजे आमच्या मंडळींना कन्नडच्या घाटात पण उलटी होते, त्यांनी तीन आठवडे समुद्र कसा काढायचा. तिसरं, आम्ही अंडं पण खात नाही. आणि चौथं, तो ज्वालामुखी जिवंत आहे म्हणे, मग तिथं जाणं कितपत शहाणपणाचं. कोणी गेलं असेल, किंवा जहाजावर काम केलं असेल, तर खरं खरं सांगा. मनाला लागलं तरी चालेल.

---

धुळे_ते_दुनिया

दादा, आम्ही दोघं जाऊन आलोय, मार्च-एप्रिलच्या फेरीला, ह्यांना पक्ष्यांचं वेड म्हणून. आधी मेन प्रश्नाचं उत्तर देते. गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही आणि जो देतो तो एकतर स्वतः गेलेला नाही नाहीतर त्याला कमिशन घ्यायचंय. आम्हाला गावात उतरायला मिळालं, शेजारच्या नाइटिंगेल बेटावर नाही मिळालं, आणि गॉफवर तर कोणालाच उतरू देत नाहीत, ते रबरी बोटीतून कडेकडेनं बघायचं.

कसं असतं ते सांगते. जहाज बंदरात जातच नाही कारण बंदर आहे एवढंसं, कॅलशॉट हार्बर नाव, १९६७ ला बांधलेलं, त्यात फक्त छोट्या बोटी मावतात. जहाज बाहेर उभं राहतं आणि तुम्हाला झोडियाकमधून म्हणजे त्या रबरी बोटीतून नेतात. आमच्या वेळी सकाळी स्वच्छ ऊन, वारा नाही म्हटलं तरी चालेल, आम्ही लाइफ जॅकेट घालून तयार, आणि स्पीकरवर सांगितलं थांबा. सगळे कुरकुरायला लागले की समुद्र तर सपाट दिसतोय. मग जहाजावरच्या मुख्य गाइडनं दुर्बीण दिली आणि बंदराच्या तोंडाकडं बघा म्हणाला. तिथं पाणी मिनिटभर गप बसायचं आणि एकदम फुगून धक्क्याच्या वरून पांढरं होऊन आत सांडायचं, परत गप. त्या फुगाऱ्यात बोट धक्क्यावर आपटली तर माणसाचं काय होईल ते सांगायची गरजच नव्हती. दुपारपर्यंत थांबलो, मग जमलं.

उतरताना हात हातात द्यायचा नाही, मनगट द्यायचं. खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याचं, आणि तो "आता" म्हणाला की त्याच क्षणी पाय उचलून पायरीवर. माझ्यापुढच्या बाई "आता?" म्हणून विचारायला थांबल्या, तेवढ्यात बोट हातभर खाली गेली आणि त्या लोंबकळल्या, दोघांनी ओढून घेतलं. वहिनींचे गुडघे दुखत असतील तर याची तयारी आत्तापासून करा, जिने चढउतार करून.

गाव बघायला अर्धा दिवस पण पुरतो पण मन भरत नाही. १९६१ चा लाव्हा गावाला अगदी खेटून आहे, शेवटच्या घरांपासून चालत जाता येतं. पावसाआधी नांगरून ठेवलेल्या काळ्या रानातली ढेकळं घराएवढी झाली तर जसं दिसेल तसं. ऑक्टोबरमधी गावामागंच जमीन फुटली, सगळ्या लोकांना आधी बटाट्याच्या वावराकडं नेलं, मग मासेमारीच्या बोटींवरून नाइटिंगेलला, मग एका डच जहाजानं केपटाऊनला आणि तिथून इंग्लंडला. लाव्हानं मासळीचा कारखाना गिळला, बोटी लावायची जागा गिळली, पण घरं जवळपास सगळी वाचली. इंग्लंडमधी त्यांना कॅलशॉट म्हणून एका ठिकाणी ठेवलं होतं, बंदराचं नाव तिथूनच आलंय. सगळ्यांना वाटलं होतं आता हे लोक कशाला परत जाताय, तिकडं टीव्ही, बस, दुकानं. पण १९६२ च्या डिसेंबरमधी मतदान घेतलं तर परत जायच्या बाजूनं १४८ आणि विरोधात ५. १९६३ ला बहुतेक सगळे परत.

बटाट्याची वावरं अजून आहेत, गावापासून तीनेक मैलांवर, दगडी भिंतींची छोटी छोटी वाफेवजा शेतं, वाऱ्यापासून वाचवायला. जमीन कोणा एकाच्या मालकीची नाही, सगळ्या गावाची. मला ते बघून आपल्याकडची बांधावरची कोर्टकचेरी आठवली आणि हसू आलं.

पोस्टात ब्रिटिश पौंड कॅश घेऊन जा. कार्ड टाकलं की ते पुढच्या जहाजानं निघतं, आमचं धुळ्याला पोचेपर्यंत आम्ही ते विसरून पण गेलो होतो. जेवणाचं संध्याकाळी लिहिते, शाळेत पेपर तपासणं चालूय.

---

मिरचीपावडर_नंदुरबार

भो, वीस लाखात केवढी जमीन येई! आणि गरम पाणीच बघायचं असेल तं अडावदजवळ उनपदेव आहे ना, बारा महिने गरम पाण्याची धार, एसटीनं जा, वडापाव खाऊन संध्याकाळी घरी. ज्वालामुखी कशाले पाहिजे? 😄

---

अमळनेरचा_तिकीटवाला

मिरची भाऊ, उनपदेवला जाऊन आलोय, तिथं पोस्टाची खिडकी नाही 😄

ताई, फार उपयोगी लिहिलंत. १४८ विरुद्ध ५ हे मला माहीत नव्हतं. त्याच ऑक्टोबरमधी सेंट हेलेनानं 'ट्रिस्टन रिलीफ' छापून मदतीसाठी तिकिटं काढली होती, थोडेच दिवस विकली, जगात फार कमी सेट आहेत, ती आपल्या नशिबात नाहीत. तर नाइटिंगेल तुम्हाला मिळालं नाही याचं वाईट वाटलं का? म्हणजे परत येताना पैसे वाया गेल्यासारखं?

---

जहाजी_आप्पा_शहादा

आते बठ्ठं सांगस, ऐका भाऊ.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनवर होतो, त्या बाजूनं बऱ्याचदा गेलोय, केपटाऊन ते ब्राझील. ट्रिस्टन लांबून दिसतं, समुद्रातून सरळ उठलेला डोंगर, माथ्यावर ढग. शिखर २०६२ मीटर आहे, आपलं कळसूबाई १६४६. आणि बेट किती, तं आडवं फक्त बाराएक किलोमीटर. म्हणजे खाडी नाही, आडोसा नाही, जहाजाला लपायला जागा नाही.

त्या ताईंनी सांगितलं ना की ऊन होतं वारा नव्हता तरी उतरू देत नव्हते, त्याचं कारण असं की लाट तिथली नसतेच. खाली चाळीस अंशाच्या पट्ट्यात कायम पश्चिमेचा वारा, मधी जमीन नाही अडवायला, तिथं वादळ झालं की त्याची लाट हजार दोन हजार किलोमीटर चालत येते, तोपर्यंत ती लांब आणि चपटी होते, खोल पाण्यात जहाजाला फक्त हळू उचलते आणि ठेवते, कळत पण नही. पण बेटाजवळ पाणी उथळ झालं की तीच लाट उभी राहते. ह्याला आम्ही स्वेल म्हणतो. म्हणून आकाश बघून अंदाज करू नका, आणि कॅप्टन नाही म्हणाला तं त्याच्याशी भांडू नका, तो तुमच्यापेक्षा जास्त वैतागलेला असतो.

आता नाइंटी परसेंटवाल्या पोराला फोन लावा आणि एवढंच विचारा: जहाजावर माणसं किती, आणि ट्रिस्टनच्या बेटांसाठी दिवस किती ठेवलेत. बाकी बुफे, जिम, लेक्चर हे काही विचारू नका. शंभर-दोनशे माणसांचं जहाज असेल आणि बेटांसाठी तीन-चार दिवस राखलेले असतील तं तुमचा चान्स खरा आहे, आज नाही तं उद्या, या बाजूनं नाही तं त्या बाजूनं. जगप्रदक्षिणेवाली मोठी जहाजं असतात, हजार दोन हजार माणूस, त्यांच्या कागदावर पण 'ट्रिस्टन दा कुन्हा' लिहिलेलं असतं आणि त्यांना वेळ असतो एक दिवस. तेवढी माणसं एवढ्याशा बंदरात कोण उतरवणार? बहुतेक वेळा बेटाला चक्कर मारतात, डेकवर गरम सूप देतात आणि पुढं निघतात. त्याला 'सीनिक क्रूझिंग' म्हणतात, ऐकायला फार गोड.

केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, हलणं तिथं सगळ्यात कमी. खिडकी-बाल्कनीच्या नादाला लागून वरची घेतली तं वहिनीसाहेब तुमच्याशी बोलणार नहीत. साउथ जॉर्जिया ते गॉफ हा सलग बरेच दिवसांचा टप्पा सगळ्यात वाईट, एकदा ट्रिस्टन सोडून उत्तरेला सेंट हेलेनाकडं वळले की समुद्र मऊ होत जातो.

आणि एक गोष्ट गंमत म्हणून नाही सांगत. २०११ च्या मार्चमधी 'ओलिव्हा' नावाचं मालवाहू जहाज, पोटात ब्राझीलचं सोयाबीन, रात्री चालत्या वेगात सरळ नाइटिंगेल बेटावर चढलं. अख्खा अटलांटिक मोकळा होता आणि हे त्या टिकलीवर गेलं. माणसं सगळी वाचली, त्यात त्या वेळी तिथं असलेल्या एका क्रूझच्या रबरी बोटींची पण मदत झाली. पण दीड हजार टन तेल पाण्यात. हजारो पेंग्विन तेलात माखले, गावातल्या लोकांनी साडेतीन हजारांच्या वर पक्षी गावात आणून धुतले, पोहण्याच्या टाकीत ठेवले, तरी बहुतेक मेले. त्या गावात माणसं किती, अडीचशे. तिथं गेलात तं हे लोक कोण आहेत ते लक्षात ठेवून जा.

---

काळा_दगड (भुसावळ)

मी भूगोल शिकवतो त्यामुळं ज्वालामुखीच्या प्रश्नावर राहवत नाही.

मिरची भाऊ, उनपदेवचं पाणी ज्वालामुखीनं तापत नाही. तापीच्या खोऱ्यात जमिनीला मोठमोठ्या भेगा आहेत, पावसाचं पाणी त्यातून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापून परत वर येतं. आपल्याकडचा ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच बंद झाला. पण बंद व्हायच्या आधी त्यानं काय करून ठेवलं ते तुम्ही रोज बघताय, अजिंठ्याचा डोंगर, लळिंगचा किल्ला ज्याच्यावर आहे तो डोंगर, आणि धुळे-नंदुरबारकडं शेतांमधून कोसच्या कोस सरळ रेषेत गेलेल्या त्या काळ्या दगडाच्या भिंती. त्या भिंती कोणी बांधलेल्या नाहीत, लाव्हा ज्या भेगांत थिजला त्या भेगा आहेत त्या, आजूबाजूचा दगड झिजला आणि त्या उभ्या राहिल्या.

आता ट्रिस्टनशी याचा संबंध काय? तर दोन्हीची जात एक. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खालून सतत जास्तीची उष्णता वर येत राहते, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. वरची भूमी सरकत राहते, खालची शेगडी साधारण जागेवरच. आपल्या दख्खनचा लाव्हा ज्या हॉटस्पॉटनं ओतला असं मानतात तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि अजून धगधगतोय. मधल्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव. तसंच ट्रिस्टनच्या हॉटस्पॉटनं तेरा-साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी ब्राझील आणि नामिबियात असाच दगड ओतला, तेव्हा ते दोन्ही देश चिकटलेले होते, आणि नामिबियापासून ट्रिस्टनपर्यंत समुद्राखाली डोंगरांची एक रांग आहे, वॉल्व्हिस रिज. म्हणजे अमळनेरहून निघून तिकीटवाले काका जातील ते एका विझलेल्या भट्टीवरून दुसऱ्या चालू भट्टीवर.

बेटांचं वय पण वेगवेगळं. नाइटिंगेल सगळ्यात म्हातारं, झिजून बुटकं झालेलं. इनॅक्सेसिबल मधलं. ट्रिस्टन सगळ्यात तरुण म्हणून एवढं उंच आणि टोकदार. १९६१ नंतर २००४ मधी पण तिथं भूकंपाचे धक्के बसले, समुद्रतळाशी काहीतरी फुटलं आणि पाण्यावर तरंगणारे हलके दगड किनाऱ्याला लागले. तर हो, जिवंत आहे. पण असे ज्वालामुखी फुटायच्या आधी सहसा जमीन हलवून सांगतात, १९६१ ला पण आधी दोन महिने धक्के बसत होते. तुम्ही तिथं असणार एक-दोन दिवस. काका, मुंबई-आग्रा हायवेवर एसटीत बसता ना, मग ज्वालामुखीची काळजी सोडा.

---

रावेर_केळीबाग

वाचतोय सगळं, भारी चाललंय. मला एक सांगा धुळेवाल्या ताई, जाताना सामान खरंच तपासता का? माझा साडू साउथ जॉर्जियाला जाऊन आला तो म्हणे बुटाचे तळवे दाभणानं साफ करायला लावले, मला वाटलं फेकतोय.

---

धुळे_ते_दुनिया

फेकत नाही भाऊ, खरं आहे. आम्हाला आदल्या दिवशी सगळ्यांना हॉलमधी बोलावलं, जॅकेटचे खिसे उलटे करून व्हॅक्युमनं ओढले, बॅगेच्या चेनी, आणि मुख्य म्हणजे ते चिकटपट्टीचं वेल्क्रो. ह्यांच्या जुन्या टोपीच्या वेल्क्रोत आपल्याकडचं कुसळ निघालं, कुठल्या शिवारातलं देव जाणे, लळिंगला गेलो होतो तेव्हाचं असेल. तपासणारी पोरगी चिमट्यानं ते उपसून काढेपर्यंत ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग बूट जंतुनाशकाच्या पाण्यात, जाताना पण आणि येताना पण.

आणि ते उगाच नाही. नाइटिंगेलवर फिलिका नावाची झाडं आहेत, तिथलं एकच खरं झाड म्हणा, त्याच्या बियांवर जगणारा एक जाड चोचीचा पक्षी आहे, विल्किन्स बंटिंग, जगात फक्त त्याच बेटावर. तर बाहेरून कुठून तरी खवले कीड आली, झाडांवर काळी बुरशी चढली, झाडं वाळायला लागली. ह्यांनी मला बोटीवर हे एवढ्या वेळा ऐकवलंय की पाठ झालंय.

---

रावेर_केळीबाग

खवले कीड! म्हणजे ती चिकट गोड पाणी सोडते आणि त्याच्यावर काजळी धरते, तीच ना? आमच्या बांधावरच्या लिंबूवर दरवर्षी. मग तिथं फवारणी कशी करता, डोंगरावर?

---

धुळे_ते_दुनिया

फवारणी नाहीच. २०२१ ला एक बारीक परोपजीवी माशी नेऊन सोडली, ती किडीच्या अंगात अंडी घालते. गाइडनं लेक्चरमधी सांगितलं तेव्हा सगळे गोरे लोक आ वासून बघत होते आणि मी ह्यांना म्हटलं, अहो हे तर आपल्या कपाशीचं ट्रायकोकार्ड, ते किडीच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या माशीचं.

गॉफवर उलटं झालं. तिथं जुन्या शिकारी जहाजांमधून गेलेले साधे घरातले उंदीर आहेत, ते अल्बट्रॉसच्या जिवंत पिल्लांना कुरतडून खातात. एवढा मोठा पक्षी, पण त्याला उंदराची भीतीच माहीत नाही, बसून राहतो. २०२१ मधी हेलिकॉप्टरनं विषारी दाणे टाकून सगळे उंदीर संपवायचा प्रयत्न केला, आणि वर्ष संपायच्या आत कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. मला ते ऐकून खरंच जीव तुटला.

आता दादा तुमचा प्रश्न, पैसे वाया गेले असं वाटलं का. ह्यांना विचाराल तर नाही, कारण ते दिवसभर डेकवर, जहाजामागं पंख न हलवता तासनतास तरंगणारे अल्बट्रॉस बघत. मला पहिले दोन दिवस वाटलं. नाइटिंगेलला बोट अगदी जवळ नेली होती, गवतात पिवळ्या चोचीच्या अल्बट्रॉसची पिल्लं दिसत होती, अर्धी पिसं फुटलेली, आणि उतरायचं नाही. आमच्या जहाजावर एकजण फक्त ट्रिस्टनसाठी आलेला, आधी पण एकदा येऊन न उतरता परत गेलेला. तो म्हणाला मी बेटाचं तिकीट काढतच नाही, समुद्राचं काढतो, बेट मिळालं तर मिळालं. मला तेव्हा ते शहाणपण जरा जास्तच वाटलं, पण पैसे भरायच्या आधी तुम्ही दोघांनी बसून हे एकमेकांना विचारा. समुद्र आवडत नसेल, फक्त त्या पोस्टाच्या खिडकीसाठीच जाणार असाल, तर नका जाऊ. त्यापेक्षा त्यांच्या वेबसाइटवरून तिकिटं मागवा.

पेंग्विनचं पण सांगून ठेवते, ते पिवळ्या भुवयांचे रॉकहॉपर, मार्च संपता संपता बहुतेक पिसं झाडून समुद्रात गेलेले असतात. फोटो बघून त्यांच्या आशेनं एप्रिलला जाऊ नका. आणि इनॅक्सेसिबल बेटावरचा तो जगातला सगळ्यात छोटा न उडणारा पक्षी, तो गवतात असतो आणि गवतातच राहतो, ह्यांनी सगळा वेळ दुर्बीण लावली, एक शेपूट पण दिसली नाही.

जेवण: बुकिंगच्या फॉर्मवरच लिहा, अंडं नाही म्हणून वेगळं लिहा कारण त्यांच्या शाकाहारात अंडं येतं. पास्ता, भात, मसूरचं सूप, भाज्या, ब्रेड, उपाशी राहत नाही पण आठवड्यानंतर जीभ बंड करते. आम्ही कोरडा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे सीलबंद नेले होते. ते जहाजावरच, बेटावर एक दाणा पण न्यायचा नाही.

---

चोपडा_दवाखाना

डॉक्टर म्हणून दोन शब्द. वहिनींसाठी उलटीची गोळी, एव्होमिन वगैरे जी घाटात घेतात तीच चालते, पण ती उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेतली की ती पण बाहेर येते. झोप येते त्यानं. कानामागं लावायची पट्टी मिळते तिचं नाव ऐकाल, पण काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती लावू नका, आणि आपल्या वयात घरीच एकदा लावून बघितल्याशिवाय तर नकोच. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडं काहीतरी खात राहा, नजर क्षितिजावर.

दुसरं कोणी बोललं नाही ते म्हणजे यलो फीवर. हा ताप जिथं आहे त्या देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे, त्यामुळं तिथून दक्षिण आफ्रिकेत शिरताना आणि भारतात परतताना लसीचं कार्ड मागू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, मुंबई-पुण्याला जावं लागेल. पण साठीच्या पुढच्यांना ही लस पहिल्यांदा देताना विचार करूनच देतात, त्यामुळं जहाजाचे पैसे भरायच्या आधी हे बोलून घ्या, नंतर नाही.

इन्शुरन्समधी 'मेडिकल इव्हॅक्युएशन' (आजारी माणसाला तिथून उपचाराला हलवणं) हा शब्द आहे का बघा. ट्रिस्टनला छोटं हॉस्पिटल आहे, नवीन आहे, पण मोठं काही झालं तर जहाजानंच केपटाऊन, आणि ते पाच-सहा दिवस. बीपी, शुगरच्या गोळ्या दुप्पट न्या, दोन वेगवेगळ्या बॅगांत.

---

अमळनेरचा_तिकीटवाला

सगळ्यांचे आभार. आप्पांनी सांगितलं तसा फोन लावला. त्या जहाजावर माणसं दोनशेच्या आत आहेत ते ठीक, पण ट्रिस्टनसाठी ठेवलाय एकच दिवस, आणि नाइटिंगेल "वेळ उरल्यास". मी विचारलं मग नाइंटी परसेंट कुठून आले, तर तो म्हणाला काका, तसं सांगायला सांगितलंय.

दुसऱ्या एका जहाजाचा कार्यक्रम मुलीनं पाठवलाय, त्यात बेटांना चार दिवस आहेत, भाव थोडा जास्त, निघतं पण मार्चच्या सुरुवातीला. मंडळींना सगळा धागा वाचून दाखवला. ताईंचा तो समुद्राच्या तिकिटाचा प्रश्न त्यांना पण विचारला. त्या म्हणाल्या, मला पोस्टाशी काही घेणं नाही, पण ते पंख न हलवता उडणारं पाखरू बघायचंय, आणि तुम्ही कॅप्टनशी भांडणार नाही असं लिहून द्या. डॉक्टरसाहेब, लसीचं विचारायला सोमवारी चोपड्याला येतोय. माझं वय ६१ आहे, यांचं ५७.

---

जहाजी_आप्पा_शहादा

चार दिवस असतील तं घ्या ते. आणि टूर पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात त्याची पावती जपून ठेवा, इन्कम टॅक्स रिटर्नमधी परत मागता येतो. तुम्ही बँकेवाले, तुम्हाले काय सांगू.

---

मिरचीपावडर_नंदुरबार

काका एक कार्ड मले पण पाठवा. उनपदेवले पोस्ट नही हे मान्य 😄